लहान काम पुढे

"दहा सेकंद! बटण दाबल्यापासून दहा सेकंदांत कॉम्प्युटर हजर झाला नाही, तर नाव बदलीन!" खिडकीसाहेबांनी रात्री जेवताना छातीठोक सांगितलं. उभी हयात बसपासच्या खिडकीमागे गेल्यामुळे गल्लीभर ते खिडकीसाहेबच. खरं नाव कुणाला आठवतच नव्हतं, तेव्हा ते बदललं असतं तरी कुणाचं काही अडलं नसतं.

एवढ्या गर्जनेला निमित्त होतं बायकोच्या मुलाखतीचं. मुलांच्या पायी शाळेची नोकरी सोडून तिला बरीच वर्षं झाली होती, आणि आता एका शाळेने पुन्हा बोलावलं होतं. मुलाखत घरबसल्या, कॉम्प्युटरवर, सकाळी अकराला. उशीर चालणार नाही आणि फोनवरूनही चालणार नाही, असं शाळेने बजावलं होतं. कॉम्प्युटर तिच्या भावाने दिलेला. जुना, पण धडधाकट. फक्त सकाळी उठायला जरा आळशी.

"मी बसते की पाच मिनिटं वाट बघत," बायको म्हणाली. "तुम्ही फक्त हात लावू नका."

हात लावू नका! ज्याच्या हाताखालून निम्म्या गावाचे पास गेले, त्याला सांगायचं हात लावू नका!

सकाळी ती आंघोळीला गेली आणि खिडकीसाहेबांनी फोनवर एक व्हिडिओ बघत बघत बायोस उघडलं. कॉम्प्युटर चालू होताना एक ठरावीक बटण दाबलं की ही निळी पाटी येते. तिच्यावर लिहिलेलं असतं की सुरू होताना कॉम्प्युटरने आधी कुठे बघायचं, मग कुठे. म्हणजे रांगच की! पहिल्या नंबरला भलीमोठी हार्ड डिस्क ठाण मांडून बसलेली, आणि तिच्या मागे बिचारं एवढंसं यूएसबी.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "असा कारभार असल्यावर उशीर होईल नाहीतर काय!" खिडकीवर त्यांचा नियम होता, ज्याचं काम मिनिटभराचं त्याला पुढे घ्यायचं आणि गठ्ठेवाल्याला मागे. त्यांनी यूएसबीला मानाने पहिल्या नंबरवर आणलं. व्हिडिओ बघून फोनची बॅटरी संपत आली होती, म्हणून फोन कॉम्प्युटरच्याच मागे वायरीला लावला आणि ऐटीत बटण दाबलं.

पडदा काळा. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. दहा सेकंद गेले, मिनिट गेलं, रेघ आपली लुकलुकतेच आहे!

"काय केलंत?" बायको ओल्या केसांनी दारात उभी.

"काही नाही! न्याय केला!"

"कुणाला?"

"यूएसबीला! बायोसमध्ये जाऊन!"

"अहो, नावातच बायो आहे! निदान बायकोला तरी विचारायचं!" तिने वायरीचा फोन ओढून काढला आणि थेट भावाला लावला. तोही खिडकीसाहेबांच्या फोनवरून, खिडकीसाहेबांच्या देखत!

मेहुणा शांत होता. "ताई, एकदा पूर्ण बंद कर आणि परत चालू कर."

तिने केलं. कॉम्प्युटर आज्ञाधारक मुलासारखा चालू झाला.

"झालं!" तिने सुटकेचा निःश्वास टाकला. "मी केस विंचरून येते. आता खरंच हात लावू नका."

खिडकीसाहेब कॉम्प्युटरसमोर एकटे उरले. वीज कोण भरतं? धूळ कोण पुसतं? आणि हा ऐकतो कुणाचं, तर बायकोच्या माहेरचं! "घरभेद्या!" ते पडद्याला म्हणाले. "चालू व्हायचंस तर माझ्या हातून हो!" त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, फोन परत वायरीला लावला आणि दात-ओठ खात बटण दाबलं.

काळा पडदा. लुकलुकती रेघ.

अकराला दहा मिनिटं होती. बायको बाहेर आली आणि तिने पडद्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीवर बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. ते बघून खिडकीसाहेब पुढे धावले. त्यांनी फोन वायरीवरून उपटला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःहून मेहुण्याला लावला.

"तुझा कॉम्प्युटर पक्षपाती आहे!" माफी मागायला गेले आणि तोंडातून हे निघालं. "तू लाइनवर असलास की चालतो, फोन ठेवला की मरतो!"

"भावोजी, फोन ठेवल्यावर तो ठेवता कुठे?"

"कुठे म्हणजे? चार्जिंगला!"

"चार्जिंगला कुठे?"

"कॉम्प्युटरच्या मागे, त्या यूएसबीला!"

पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. "म्हणजे यूएसबीला पहिला नंबर तुम्हीच दिलात, आणि तिथे फोन नेऊन तुम्हीच उभा केलात. कॉम्प्युटर त्याला विचारतोय, बोला, काय काम आहे? फोन बोलतही नाही आणि हलतही नाही."

खिडकीसाहेब गार पडले. हा इसम त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता! फॉर्म नाही, फोटो नाही, नुसता खिडकीला नाक लावून उभा! त्याच्या नावाने त्यांनी जन्मभर बोटं मोडली होती.

"मग हाकला ना त्याला!" ते गरजले.

"हाकललाय, भावोजी. तुमच्या कानाला आहे तो."

बायकोने डोळे पुसले, कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. तो निमूटपणे चालू झाला. "फोन हातात धरा," ती हळू पण स्पष्ट आवाजात म्हणाली. "कुठेही खोचू नका. आणि त्या दाराशी उभे राहा, हलू नका." तेवढ्यात पडद्यावर शाळेचे मुख्याध्यापक आले.

तिने छान उत्तरं दिली. खिडकीसाहेबांची छाती अभिमानाने फुगत होती, तोच मुख्याध्यापकांनी विचारलं, "सगळ्यात अवघड विद्यार्थी कोणता वाटतो तुम्हाला?"

"ज्याला काही येत नाही तो नाही, सर. ज्याला सगळं येतं असं वाटतं, तो."

"त्याला शिक्षा करता?"

"छे! हातात काहीतरी धरायला देते आणि दाराशी उभं करते."

खिडकीसाहेबांनी संतापून तोंड उघडलं, हातातल्या फोनकडे बघितलं आणि मुकाट्याने मिटलं.

मुख्याध्यापक हसले. "सुधारतो का मग तो?"

बायकोने एकदा दाराकडे नजर टाकली.

"अजून उभाच आहे, सर."