मिशन संडेची बरणी

सकाळी दूध आणायला खाली उतरलं, की आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या गॅलरीतून कुणीतरी अख्ख्या युरोप खंडाला झापत असल्याचा आवाज येतो. दचकायचं कारण नाही. ते साळवे काका आहेत. रोझरी म्हणताहेत.

त्यांच्या जपमाळेत पाच रंगांचे मणी आहेत. हिरवे आफ्रिकेचे, लाल दोन्ही अमेरिकांचे, पांढरे युरोपचे, निळे पार तिकडच्या समुद्रातल्या बेटांचे आणि पिवळे आपले, आशियाचे. मिशनसाठी प्रार्थना करणारे कॅथलिक लोक अशी माळ वापरतात; एकेका रंगावर एकेका खंडासाठी प्रार्थना. बाकीचे ती मुकाट्यानं म्हणतात. काका मध्येच थांबून त्या खंडाची हजेरी घेतात.

"अहो पांढरेवाले, तुमची चर्चं ओस पडलीत म्हणे! एके काळी आम्हाला फादर पाठवत होतात ना? आता काय झालं?" की लगेच पुढची 'नमो मरिये' सुरू.

सोसायटीच्या सभेत एकदा पाणी वरच्या मजल्यावर चढत नाही म्हणून जुंपली होती. काका उठले. "मंगोलियात बघा. मूठभर कॅथलिक, तेही विखुरलेले. मिस्सेच्या प्रार्थनेला पोचायचं तर फादरला गवताळ रानातून दिवसभर गाडी हाकावी लागते. आणि तुम्ही नळाचं काय घेऊन बसलात?"

"काका," सेक्रेटरी म्हणाले, "मंगोलियाचा मेंटेनन्स आपण भरतो का?"

"मी भरतो," काका शांतपणे म्हणाले आणि बसले.

हे खरं होतं. पेन्शन आली की आधी मिशनचं पाकीट, मग किराणा. का, विचारलं तर उत्तर ठरलेलं: "जगाचं कुणीतरी बघायला नको?" आतून त्यांच्या बायकोचा, मार्थाबाईंचा आवाज यायचा, "तुम्ही जगाचं बघा. गॅसवर दूध ठेवलंय, त्याचं मी बघते."

या वेडाचं मूळ मला एकदाच कळलं. काका नगरकडच्या एका लहान गावातले. तिथलं चर्च गळकं. पावसाळ्यात मिस्सा छत्री उघडून. मग कुठल्या तरी मिशन संस्थेकडून छपराचे पत्रे आले. "त्या संस्थेला पैसे कुणी दिले?" काका म्हणाले. "असेल परदेशातली एखादी बाई. केक विकून दिले असतील. तिला माझं नाव माहीत नाही, मला तिचं. त्या बाईच्या पत्र्यांखाली माझं लग्न लागलं, नाटकवाले."

नाटकवाले म्हणजे मी. हौशी नाटकांत कामं करतो आणि आवाज असा, की माइक बंद पडला तरी प्रेक्षकांची सुटका होत नाही. याच गुणामुळे काकांनी मला मिशन संडेला जुंपलं. ऑक्टोबरातल्या एका रविवारी जगभरच्या चर्चमधून मिशनसाठी वर्गणी गोळा होते. सगळी एकत्र करून जिथल्या चर्चला छप्पर नाही, फादरला सायकल नाही, तिथे पाठवतात. काकांच्या चर्चमध्ये त्या दिवशी मिस्सेनंतर अंगणात लिलाव असतो. लोकांनी घरून आणलेले भोपळे, केक, क्रोशाचे रुमाल, एखादा चिडलेला कोंबडा. लिलाव पुकारणारा मी. मी हिंदू असल्याची शंका काढली, तेव्हा फादर म्हणाले, "आवाज कॅथलिक असायची अट नाही." हातोडा म्हणून मार्थाबाईंचं लाटणं.

दर वर्षीचा खेळ शेवटच्या वस्तूवर रंगायचा. मार्थाबाईंच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी. अख्खं चर्च त्यावर टपलेलं आणि एकालाही ते कधी मिळालेलं नाही, कारण सगळ्यांत चढी बोली लावायचे खुद्द साळवे काका!

"दान दिलेली वस्तू परत विकत घेता?" मार्थाबाई सगळ्यांसमोर कडाडायच्या. "दुसऱ्याच्या पानात पडू दे की कधीतरी!"

"मिशनला पैसे पोचले ना? मग बरणी कुठे का जाईना," म्हणत काका बरणी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून घरी. मग मार्थाबाई काही दिवस त्यांच्याशी बोलत नसत आणि ते रोज दोन्ही वेळा तेच लोणचं खात.

यंदा ईस्टरच्या आधी मार्थाबाई गेल्या. मूलबाळ नाही. गॅलरी गप्प झाली. काका जपमाळ ओढत, पण रागावत कुणाला नसत. पाचही खंडांना तो उन्हाळा निवांत गेला.

मिशन संडेला काका बरणी घेऊन आले. मार्थाबाईंनी शेवटच्या हिवाळ्यात घातलेली. तोंडाला त्यांच्याच जुन्या निळ्या लुगड्याचा तुकडा बांधलेला. "घरात आता एवढीच," टेबलावर ठेवताना म्हणाले.

चर्चमधल्या बायकांनी मिस्सेआधीच ठरवून टाकलं: आज कुणीही बोली लावायची नाही. काकांना त्यांची बरणी परत मिळू द्यायची. या कटात मीही होतो. मीच पुढारी म्हणा ना.

बरणी उचलली. "सावधान! आता ते लोणचं, ज्याची चव आजवर फक्त एका माणसानं..."

कुणी हूं की चूं नाही. पण काकाही बोलेनात. पहिल्या रांगेत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेले. मी डोळ्यांनी खुणावलं, भुवया उडवल्या, घसा खाकरला. काही नाही.

मग काकांनी मान वळवून मागच्या रांगा पाहिल्या. "कुणालाच नको का हो?" हळूच म्हणाले. "तिचं लोणचं?"

माझ्या हातातली बरणी जड झाली. आम्ही इतकं चांगुलपण केलं होतं, की मार्थाबाईंच्या बरणीला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं.

तेवढ्यात मागून एक हात वर आला. ग्रेस नावाची मुलगी. परदेशातून पुण्यात शिकायला आलेली, चर्चमध्ये नवी, आमच्या कटाची तिला काय कल्पना! सगळ्या बायका वळून अशा बघायला लागल्या, की तिनं घाबरून हात खाली घेतला.

"एकवार," मी म्हणालो आणि काकांकडे पाहिलं. 'दोनवार'ला मी एवढा वेळ लावला, की रंगमंचावर एवढा थांबलो असतो तर लोक घरी जाऊन जेवले असते. काकांचा उजवा हात मांडीखालून निघाला. वर आला. छातीशी थांबला.

ते वळले. "विच कंट्री, बेटा?"

"झांबिया, अंकल."

"हिरवी," काका स्वतःशीच म्हणाले. मग मला, "ठोका."

"काका, नक्की?"

"तिनं मिशनला दिलंय ना? दर वर्षी घसा कोरडा करून तेच सांगत होती. ठोका म्हणतो ना!"

मी लाटणं आपटलं.

बरणी काकांनी स्वतः नेऊन दिली. "ड्राय स्पून. गीला चम्मच नहीं. ओन्ली ड्राय. फ्रिज नहीं." पोरगी मान डोलावत होती. निळ्या फडक्याच्या गाठीवर काकांची बोटं रेंगाळली. मला वाटलं, सोडून घेतात. त्यांनी ती आणखी घट्ट आवळली.

दुसऱ्या दिवशी दूध घेऊन येत होतो, तर गॅलरीतून आवाज! पण हिरव्या मण्यांवर येऊन तो थांबला. मी डोकावलो.

"काय काका, अडलं का काही?"

"चमचा कोरडाच घेत असेल ना हो ती?"

"घेत असेल की."

"पोरं ऐकत नाहीत," म्हणत त्यांनी मणी पुढे सरकवला. मग म्हणाले, "दुपारी जेवायला या, नाटकवाले. वरणभात करतोय. दोघांपुरताच होतो अजून, हाताला सवय आहे. लोणचं मात्र नाही हं."

"चालेल हो काका."

"मला नाही चालत अजून," ते म्हणाले आणि लाल मण्यांवर येऊन अमेरिकेवर ओरडायला लागले.