खासनीस, खमण आणि वाळूचा खडक

खासनीससाहेब खमण घेण्याआधी अंगठ्यानं दाबायचे आणि ते किती सेकंदांत वर येतं, हे घड्याळात बघायचे. फरसाणवाला वैतागायचा, "काका, खावानुं छे के तपासवानुं?" साहेब शांतपणे, "पहेलां तपासवानुं."

बडोद्याच्या आमच्या प्रयोगशाळेत ते खडक दाबायचे. तेलविहिरीतून आलेला वाळूच्या खडकाचा तुकडा यंत्रात घालायचा आणि हळूहळू भार वाढवायचा. जमिनीखाली या खडकाच्या छिद्रांत तेल असतं, वरचं थोडं ओझं तेही पेलतं. तेल उपसलं की तो आधार जातो, कण एकमेकांवर रेलतात आणि खडक केसभर बसतो. ते केसभर मोजण्यात साहेबांचा जन्म गेला.

"घाई केली की दगड खोटं बोलतो," हे त्यांचं ब्रीद. बडोद्याच्या वासणा भागातल्या त्यांच्या घरी सोफ्यावर धपकन बसायची सोय नव्हती. "हळू, हळू भार द्या." होणाऱ्या व्याह्यांनाही त्यांनी हेच सांगितलं. ते बिचारे अर्धवट वाकून तसेच थांबले. मुलीचं लग्न तरीही झालं.

दर रविवारी मी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, तरसालीहून त्यांच्याकडे पोहे खायला जायचो. पोहे कमी, खडक जास्त.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एका विहिरीचा एकच धड नमुना हाती होता. साहेब जेवायला गेले. तासाभरात चढवायचा भार मी दहा मिनिटांत चढवला, कारण मला लवकर निघायचं होतं. आत बारीकसं करकरलं आणि नमुना चुरला. मी गप्प राहिलो. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'हाताळणीत चूक, माझी.' बैठकीत वरिष्ठ म्हणाले, "खासनीस, आता घरी खमणच दाबा." सगळे हसले. मीही.

त्याच वर्षी साहेब निवृत्त झाले आणि माझे रविवारही बंद झाले. सात वर्षं. गेल्या महिन्यात शेवटी गेलो.

"साहेब, तो नमुना मी फोडला होता."

"माहीत आहे. यंत्राच्या आलेखात स्वच्छ दिसत होतं. तुम्ही तेव्हा कंत्राटावर होतात, म्हणून बोललो नाही." मग म्हणाले, "पण येणं का सोडलंत?"

"तोंड दाखवायची लाज वाटत होती."

साहेब म्हणाले, "मला वाटलं, माझ्या दगडांना कंटाळलात. हल्ली कुणी आलंच, तर मी हवापाण्याचंच बोलतो."

"साहेब," मी म्हणालो, "तेल उपसल्यावर खडक नेमका कसा बसतो, ते मला अजून नीट कळलेलं नाही."

याच कामात माझे केस पिकले, हे त्यांना ठाऊक होतं. ते उठले, कागद-पेन्सिल घेऊन आले.

"जेवूनच जा," म्हणाले. "वेळ लागेल."