काकांचा लाल दिवा

"बटण माझ्याकडे द्या आणि निवांत राहा," लाइटमन काकांनी दिग्दर्शकाला सांगून टाकलं. बावीस वर्षं स्टुडिओत दिवे लावण्यात आणि विझवण्यात घालवलेल्या माणसाला एक बटण म्हणजे पोरखेळ होता.

पण त्या बटणावर एका मुलीचं नशीब होतं. पडद्यावरच्या मुक्या-बहिऱ्या मुलींच्या भूमिका आजवर ऐकू येणाऱ्या नट्याच करत आल्या. या खेपेला नायिका खरोखरच कर्णबधिर होती, आणि निर्मात्यांच्या मनात पाल चुकचुकत होती. "हिला 'कट' कळणार कसा? आज एक शॉट बघतो. नाही जमलं तर दुसरी आणू." म्हणून सेटच्या खिडकीबाहेर लाल दिवा टांगला. 'कट' म्हटलं की काकांनी बटण दाबायचं, दिवा दिसला की तिने थांबायचं.

प्रसंग साधा होता. घर सोडून निघालेली मुलगी पेटी भरते, बंद करते, खिडकीकडे एकदा बघते. कट.

तिने वडिलांचा सदरा उचलून छातीशी धरला आणि काका तिथेच विरघळले. त्यांना दूर गेलेली आपली लेक आठवली. नायिकेच्या हातांवरचा पिवळा उजेड काकांनीच सकाळी लावला होता, पण आता त्यांना ती खरीच संध्याकाळ वाटू लागली.

पेटी बंद झाली, तिने खिडकीकडे नजर टाकली. "कट," दिग्दर्शक म्हणाले. "काका, कट. अहो काका!"

काकांच्या कानात काही शिरेना.

तिने पुन्हा खिडकीकडे बघितलं. दिवा नाही. मग बिचारीने पेटी पुन्हा उघडली आणि एकेक कपडा काढून खुंटीला टांगला. घर सोडणारी मुलगी घरातच राहिली. लेखकाने कपाळाला हात लावला. मधूनच ती दिव्याच्या दिशेने बघायची, आणि त्या बघण्यात अशी काही आस होती की ओरडायला उठलेले निर्माते हळूच खाली बसले. कॅमेरा थांबवायचं कुणालाच सुचलं नाही.

अकराव्या मिनिटाला कॅमेऱ्याची बॅटरी संपली, तेव्हा सगळे भानावर आले.

"भूमिका हिचीच," निर्माते नाक पुसत म्हणाले. "काय वाट बघते हो ही पोरगी!"

ती सरळ काकांकडे आली. फोनवर लिहून पुढे धरलं, "बटण बिघडलं होतं का?"

काकांनी जोरजोरात मान हलवली. हो, हो.

तिने बोटाने बटण दाबलं. खिडकीबाहेर दिवा लख्ख पेटला.

वायर तपासायला म्हणून काका टेबलाखाली वाकले, ते जेवणाची सुट्टी होईपर्यंत वर आले नाहीत.