लखनलाल बिसेन काट्यावर बसले, त्याची हकीकत

सन दोन हजार पंचवीस, धानाचा हंगाम ऐन भरात असता, दवनीवाडे मुक्कामी लखनलाल बिसेन राईस मिलवाले यांच्या इभ्रतीवर जे गंडांतर आले आणि ज्या तजवीजीने ते निवारले, त्याची हकीकत जैसी घडली तैसी, पदरचे काही न घालता, लिहिली असे.

मोटर एकदम न उसळता हळू सुरू व्हावी, म्हणोन लखनलालजींनी ड्राइव्ह नामे नवी पेटी आणविली आणि वायरिंगची कामगिरी सडक अर्जुनीचे सुकराम वायरमन यांस सांगितली. सुकरामजींची ख्याती अशी की, दहा वायरी असोत, त्या एकत्र आवळून बारदानाच्या सुतळीने ऐसी वेणी घालीत की, लोक मोटर सोडून वेणीच पाहात. तैसीच वेणी येथे घातली आणि कुल मंडळींनी वाहवा केली.

मग मोटर सुरू होताच इलेक्ट्रॉनिक काट्याने बंड मांडिले. पोते एकच, आणि आकडा चाळीस, मग सदतीस, मग त्रेचाळीस. हा तमाशा चुन्नीलाल पटले यांनी देखिला. चाळीस पोती घेऊन आलेले मातबर शेतकरी, त्यांनी भर मिलीत सवाल केला, "काऊन जी लखनभाऊ, माहा धान नाचून राह्यला का तुमची नियत?" आणि फर्माविले की, सांजेपावेतो काटा ठिकाणावर न आल्यास आपली ट्रॉली दुसऱ्या मिलीवर जाईल आणि मागोमाग गावही जाईल.

बापाच्या वेळेपासून या मिलीच्या मापावर कोणी बोट ठेविले नव्हते. लखनलालजींस ते जिव्हारी लागले आणि, पोत्यावर भरवसा नसेल तर आम्हांसच तोला, ऐसे बोलून ते खासे काट्यावर चढून बसले. आकडा शहात्तर जाहला, मग एकशे तीन, मग पंच्याऐंशी. पंच्याऐंशी दिसताच हाच खरा, ऐसा त्यांनी पुकारा केला. कारण, वजन त्यापलीकडे गेल्यास रातचा भात बंद, ऐसा डॉक्टरांचा हुकूम होता आणि त्याची अंमलबजावणी पत्नी दुलारीबाई यांजकडे होती. बाई तेथेच उभ्या राहून आकडा पाहात होत्या.

सुकरामजींनी मोटरीचा वेग वाढविला तों आकडे अधिक नाचले, उतरविला तों मंदावले. मग खोट काट्यात नाही, पेटीत आहे, इतके उमगले. पुढे मती चालेना. इतक्यात दुलारीबाईंनी काट्याच्या डुगडुगत्या पायाखालील कागदाची घडी ओढून काढिली. ते पेटीसोबत आलेले माहितीपत्रक निघाले.

"हा कागद पायाखाली कायले ठेवला जी? चित्रात मोटरची वायर आन काट्याची वायर अलग अलग पळून राह्यल्या. तुमच्या इथं गळ्यात गळा घालून बसल्या."

सुकरामजींनी चित्र पाहिले, मग वेणी पाहिली. तीस वर्षांची कीर्ती त्या सुतळीत होती. क्षणभर थांबून त्यांनी मेन बंद केला, त्यास आपले कुलूप घातले आणि किल्ली खिशात टाकिली.

बाहेर चुन्नीलालजींनी ट्रॅक्टर सुरू केला. लखनलालजी काट्यावरूनच ओरडले की, त्वरा करावी, सांज होते. सुकरामजी ढळले नाहीत. "मेन बंद झाला म्हणून पेटी मेली नाही, मालक. पोटात करंट धरून राहते. धा मिनिटं कोणी हात लावाचा नाही."

दहा मिनिटे मिल तटस्थ राहिली. मग मीटर लावून, आत काही उरले नाही ऐसी खातरजमा करून, सुकरामजींनी आपल्याच हाते वेणी कापिली. मोटरीची वायर एका भिंतीस, काट्याची दुसऱ्या भिंतीस नेली. मेन चालू करिता आकड्याचा नाच मंदावला, परी पूर्ण न थांबला. मग पुन्हा मेन बंद, पुन्हा कुलूप, पुन्हा दहा मिनिटे, पुन्हा मीटर. आणि काट्याच्या वायरीवरील, बाहेरचा उपद्रव अडविणारी तारांची जाळी, जी दोन्ही टोकांस अर्थिंगला जोडिली होती, ती चित्राबरहुकूम एकाच टोकास ठेविली.

मोटर घुमू लागली. आकडा उमटला आणि खिळून राहिला.

चुन्नीलालजी ट्रॅक्टर बंद करून आत आले, वाकून वाचते जाहले, "ब्यान्नव. आता काटा खरा बोलून राह्यला जी. उतरा, माहे पोते येऊ द्या."

"खरा बोलून राह्यला न?" दुलारीबाई उद्गारल्या. "तं आजपासून रातचा भात बंद."

लखनलालजींनी पेटीकडे पाहिले, सुकरामजींकडे पाहिले. दोष द्यावयास आता काही शिल्लक नव्हते.

येणेप्रमाणे दवनीवाडे मुक्कामी फत्ते जाहली. काटा कायम, इभ्रत कायम, मालक ब्याण्णव किलो कायम. चाळीस पोती त्याच दिवशी तोलून पुरी जाहली. हे सर्वांसमक्ष घडले असे.