साखरेच्या डब्याखालची नोंद

“आता या कारखान्यात कुठे माशी शिंकली, तरी तिची वेळेसकट नोंद राहील!” नोंदकाकांनी कंट्रोल रूममध्ये छाती फुगवून जाहीर केलं. साबणाच्या कारखान्यात तीस वर्षं यंत्रांच्या इशाऱ्यांवर डोळा ठेवणारा हा माणूस. नव्या संगणकात ते इशारे साठवण्याचं काम साहेबांनी त्यांनाच दिलं होतं. “फक्त महत्त्वाचे साठवा,” असं बजावूनही सांगितलं होतं. काकांनी सगळेच साठवले. महत्त्वाचं काय ते ठरवणारे आपण कोण?

आठवडाभरात बॉयलर बंद पडला आणि ठपका आला बॉयलरवाल्यावर, म्हणजे काकांच्या सख्ख्या मेव्हण्यावर.

“दाजी, आधी पाण्याचा पंप बंद पडला, मग मी व्हॉल्व्ह बंद केला. साहेब म्हणतात, उलटं झालं! नोकरी जाणार माझी!”

“रडतोस काय? संगणक सांगेल ना!”

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर काकांनी ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर ओळी धावू लागल्या. धुण्याची टाकी, पातळी जास्त. पातळी ठीक. पातळी जास्त. पातळी ठीक. दहा हजार ओळी, सगळ्या त्याच! पातळी मोजणाऱ्या यंत्राची तार सैल होती, आणि ते डबक्यातल्या बेडकासारखं दर सेकंदाला ओरडत होतं. संगणकात मावायच्याच दहा हजार ओळी. नवी आली की सर्वांत जुनी बाहेर. पंपाची नोंद केव्हाच वाहून गेली होती.

“काका, हा इतिहास आहे की बेडकांचं संमेलन?” साहेबांनी विचारलं.

मेव्हण्याचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला. तेवढ्यात काका ताडकन उठले. “साहेब, जुना प्रिंटर! तो अजून काढलेला नाही. तोही सगळं छापतो!”

“मग कागद कुठाय?”

“संगणक आला म्हणून... रद्दी समजून... काल घरी नेला.”

तिघेही घरी धावले.

“तो होय?” काकू म्हणाल्या. “सकाळीच स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरला!”

“ताई, तुझ्या फळीवर माझी नोकरी आहे गं!”

डबे उतरले, बरण्या उतरल्या. साहेब दोन्ही काखांत बरण्या धरून उभे! बेडकाच्या ओळी संपता संपेनात. अखेर साखरेच्या डब्याखाली सापडलं. साहेबांनी मोठ्याने वाचलं, “दहा चाळीस, पंप बंद. दहा बेचाळीस, व्हॉल्व्ह बंद.”

“सुटला माझा भाऊ!” काकूंनी टाळी वाजवली.

“सुटलाच. उद्या कामावर ये रे,” साहेब म्हणाले. मग तेलाच्या डागाखाली डोळे बारीक करून बघू लागले. “मधे आणखी एक ओळ आहे. दहा चाळीस आणि चार सेकंद. पंपाचा इशारा ‘पाहिला’ म्हणून बटण दाबून भोंगा बंद केला. कोणी? नोंदकाकांनी!”

काकांनी कागद ओढून घेतला आणि ती ओळ स्वतः वाचली. त्या बेडकाला कंटाळून दिवसभर न बघताच ते ‘पाहिलं’चं बटण दाबत होते!

“उद्या आधी ती तार घट्ट करू,” साहेब हसू दाबत म्हणाले. “मग महत्त्वाचं काय, ते दोघं मिळून ठरवू.”

“तीस वर्षं घरीही हेच चाललंय, साहेब,” काकू म्हणाल्या. “मी काही बोलले की न ऐकताच ‘ऐकलं’ म्हणायचं! अहो, तो डबा नीट ठेवा, झाकण सैल आहे.”

“ऐकलं, ऐकलं,” काका कागदातून मान वर न काढता म्हणाले, एका हाताने डबा उचलला, आणि साखर साहेबांच्या बुटांवर सांडली.