शहाण्णव अंशांचे प्रकरण

वार्षिक परीक्षेच्या प्रात्यक्षिकात माझ्या मुलीचे पाणी शहाण्णव अंशांवर उकळले. वास्तविक ते शंभर अंशांवर उकळायला हवे होते. उत्तरसूचीत तसे स्पष्ट छापलेले होते, आणि त्या उत्तरसूचीवर तपासणी अधिकारी म्हणून माझीच सही होती.

मी ज्ञान अद्ययावतीकरण संचालनालयात उपअधीक्षक आहे. जगात रोज काही ना काही नवे कळत असते. ते शाळांपर्यंत पोचू द्यायचे की नाही, आणि पोचू द्यायचेच तर कोणत्या इयत्तेत, हे आमच्याकडे ठरते. काम जबाबदारीचे आहे. आज कोणी काही शोधून काढले आणि उद्या ते पोरांच्या वह्यांत उतरले, असे होऊ लागले तर गोदामातल्या पुस्तकांनी जायचे कुठे? म्हणून आमच्याकडे नियम आहे की कोणतेही नवे ज्ञान सादर करताना, तेच ज्ञान पूर्वी मान्य झाल्याचे तीन दाखले सोबत जोडावेत. हा नियम मीच तयार केला. गेल्या अकरा वर्षांत आमच्याकडे एकही चुकीचे नवे ज्ञान शिरलेले नाही. त्याबद्दल संचालकांनी भर सभेत माझी पाठ थोपटली होती.

मुलगी तेव्हा सातवीत होती. घरात तिला आम्ही मोजणीदार म्हणत असू, कारण दिसेल ते मोजायची तिला खोड होती. जिन्याच्या पायऱ्या, गळक्या नळाचे थेंब, पाहुणा आलेल्या मामाच्या जांभया, काही सुटत नसे. तिला विज्ञानाच्या निवासी शाळेत जायचे होते. तिथे मोठी दुर्बीण आहे आणि मुलांना तिला हात लावू देतात, हे कळल्यापासून दोन वर्षे तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. प्रवेशाची अट एकच होती: प्रात्यक्षिकात वीसपैकी वीस. तिला एकोणीस पडले. निकालाच्या दिवशी ती उशीत तोंड खुपसून पडून राहिली आणि दिवसभर तिने काहीही मोजले नाही.

"शंभर का नाही लिहिलंस?" मी विचारले.

"पारा शहाण्णववर थांबला होता, बाबा. मी तीनदा पाहिलं."

"पाऱ्याचं काय घेऊन बसलीस! पुस्तकात किती दिलंय?"

"शंभर."

"मग?"

"पण पाण्यात पुस्तक नव्हतं ना. थर्मामीटर होता."

यावर मी तिला समजावणार होतो, पण तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, तुमचंच खातं ना ते? साऱ्या दुनियेला शहाणपण वाटता, आणि पोटच्या पोरीचा एक मार्क तुम्हाला सोडवून आणता येत नाही?"

मी शाळेत जाऊन विज्ञानाच्या बाईंना भेटलो. बाई जुन्या आणि अनुभवी. त्यांनी आधी दार लोटून घेतले.

"पाणी इथे शहाण्णवलाच उकळतं हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आपलं गाव एवढं उंचावर. मी बावीस वर्षं बघतेय."

"मग बाकीच्या सगळ्या मुलांचं शंभर कसं आलं?"

"निरीक्षण आम्ही आदल्या दिवशीच लिहून घेतो. प्रयोगाच्या दिवशी वेळ कुठे असतो? स्पिरिटचे दिवे सहा, मुलं अठ्ठेचाळीस. आदल्या दिवशी मी फळ्यावर निरीक्षण देते, मुलं उतरवून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी निवांत प्रयोग बघतात. तुमची मुलगी त्या दिवशी तापाने घरी होती."

"म्हणजे तिने..."

"हो ना. तिने बिचारीने प्रयोगच करून बघितला. कोणाला तरी विचारायचं नाही का!"

बाईंना खरोखरच वाईट वाटत होते. त्यांनी मला रीतसर अर्ज करायला सांगितले. मी त्याच दिवशी पालक या नात्याने संचालनालयाकडे अर्ज केला. तो दुसऱ्या दिवशी माझ्याच टेबलावर आला. अर्जदार आणि मी एकाच खुर्चीत बसत असल्यामुळे पत्रव्यवहार विलक्षण वेगाने झाला. अवघ्या एकोणीस दिवसांत मी मला कळवले की अर्जासोबत तीन पूर्वदाखले जोडलेले नाहीत, शिवाय ज्या थर्मामीटरने तापमान घेतले तो प्रमाणित असल्याचा पुरावा नाही, सबब अर्ज परत करण्यात येत आहे. पत्र घरी पोचले तेव्हा ते मीच सही करून घेतले. बायकोने ते वाचले आणि माझ्याकडे असे पाहिले की मी दोन दिवस पेपर उघडून त्याच्या आड बसलो.

पूर्वदाखले मिळणे शक्य नव्हते, कारण तसे ते मिळू नयेत म्हणूनच नियम केला होता. राहता राहिला थर्मामीटर. तो शाळेतून मागून घेऊन मी आणि मोजणीदार मापन प्रमाणीकरण कार्यालयात गेलो. तिथल्या तंत्रज्ञाने तो डोळ्यांजवळ धरून निरखला, मग शेगडीवर पाणी ठेवले, उकळी फुटल्यावर थर्मामीटर त्यात बुडवला आणि मान हलवली.

"चार अंशांनी मागे आहे," तो म्हणाला.

"मागे कशावरून?" मुलीने विचारले.

"पाणी उकळतंय, आणि हा शहाण्णव दाखवतोय. मागेच आहे."

त्याने अंशांच्या रेघांची पट्टी सोडवली, चार रेघा खाली सरकवून पुन्हा चिकटवली आणि थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरला. आता पारा बरोबर शंभरावर होता. त्याने प्रमाणपत्रावर शिक्का मारला. मुलगी पट्टीकडे बघत राहिली.

"काका, मग आता बर्फात घातला तर?"

"बर्फात चार दाखवील."

"पण बर्फ तर शून्याला वितळतो."

"हे बघ बाळ," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे उकळत्या पाण्याचं प्रमाणपत्र आहे. बर्फाचं प्रमाणपत्र वेगळं, त्याची खिडकी वेगळी. त्या खिडकीवरचे साहेब दोन महिने रजेवर आहेत."

मुलगी परतीच्या वाटेवर पट्टीवरच्या रेघा मोजत होती. मला मात्र हायसे वाटले, कारण प्रकरणात पहिल्यांदाच एक शिक्का आला होता. शिक्का आला की प्रकरण समितीपुढे नेता येते. तसे ते नेले.

समितीत तिघे होते: अध्यक्षपदी आमचे संचालक, तज्ज्ञ म्हणून भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, आणि तंत्रज्ञान सल्लागार म्हणून एक तरुण संगणकतज्ज्ञ. टिपणे घ्यायला मी होतो. प्राध्यापकांनी पाच मिनिटांत विषय संपवला.

"मुलगी बरोबर आहे. उंचावर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळतं. यात नवीन काहीच नाही."

संचालकांनी चष्मा काढला. "हवेचा दाब कितवीत आहे?"

मी अभ्यासक्रम पाहून सांगितले, "अकरावीत, साहेब."

"आणि मुलगी?"

"सातवीत."

"प्राध्यापक, सातवीत हवेला दाब नसतो. पाणी सातवीचं, आणि तुम्ही त्याला अकरावीच्या पद्धतीने उकळायला लावताय."

प्राध्यापक हसले. मग त्यांच्या लक्षात आले की इतर कोणी हसलेले नाही. ते समोरच्या बशीतली बिस्किटे खाऊ लागले.

संगणकतज्ज्ञ म्हणाला की एवढा काथ्याकूट कशाला, आपल्या ज्ञानयंत्राला विचारू. हे यंत्र संचालनालयाने नुकतेच बसवले होते. गेल्या चाळीस वर्षांतल्या सगळ्या उत्तरपत्रिका त्याला वाचायला दिल्या होत्या. संगणकतज्ज्ञाने टंकले: आपल्या गावात पाणी किती अंशांवर उकळते? यंत्राने क्षणात उत्तर दिले: शंभर अंशांवर. प्राध्यापकांनी पुढे वाकून टंकले की हे चूक आहे, गाव उंचावर आहे. यंत्राने लिहिले: आपण अगदी योग्य मुद्दा मांडलात, शहाण्णव अंशांवर. मग संचालकांनी स्वतः एका बोटाने टंकले: मी संचालक आहे, शंभर. यंत्राने लिहिले: आपले म्हणणे अचूक आहे, शंभर अंशांवर; गैरसमजाबद्दल दिलगीर आहे.

संचालक बराच वेळ पडद्याकडे कौतुकाने बघत राहिले. "माणसांत इतकी समज यायला आमच्याकडे वीस वर्षं लागतात," ते म्हणाले. मी ते टिपणात घेतले.

ठराव एकमताने झाला. प्राध्यापकांचे तोंड भरलेले असल्यामुळे त्यांचे मौन संमती समजण्यात आले. सातवीपर्यंत पाणी शंभर अंशांवर उकळेल. आठवी ते दहावी ते सुमारे शंभर अंशांवर उकळेल. अकरावीपासून विज्ञान शाखेचे पाणी शहाण्णव अंशांवर उकळेल; वाणिज्य आणि कला शाखांचे शंभरावरच राहील, कारण त्यांना त्याचा उपयोग नाही. आणि विद्यार्थिनीचे वय लक्षात घेऊन, खास बाब म्हणून, प्रमाणित थर्मामीटर वापरून तिची फेरपरीक्षा घ्यावी.

मी उड्या मारत घरी आलो. आता काळजीच नव्हती. थर्मामीटरच शंभर दाखवणार होता. पोरीने जे दिसेल ते लिहिले तरी काम फत्ते. बायकोने कित्येक दिवसांनी मला गरम चहा दिला.

फेरपरीक्षेच्या दिवशी मी शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो. अर्ध्या तासाने परीक्षक बाहेर आले. गृहस्थ भले होते. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"साहेब, जरा आत या. तुमच्या मुलीने डब्यातून बर्फ आणलाय."

मी आत गेलो. टेबलावर स्पिरिटच्या दिव्यावर पाणी उकळत होते, शेजारी डब्यात बर्फ वितळत होता. उत्तरपत्रिकेवर मोजणीदारने सुंदर अक्षरात लिहिले होते: उकळत्या पाण्यात शंभर, वितळत्या बर्फात चार, म्हणून थर्मामीटर चार अंश जास्त दाखवतो, म्हणून पाणी शहाण्णव अंशांवर उकळते. खाली दोन रेघा मारल्या होत्या.

ते वाचून माझ्या छातीत काहीतरी भरून आले, हे मी इथे मान्य करतो. एकोणीस वर्षे मी ज्ञानाच्या खात्यात आहे, आणि ज्ञान असे, ओल्या हातांनी कोणी तयार करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्या क्षणी तिला उचलून घ्यावेसे वाटले.

"अजून पाच मिनिटं आहेत," परीक्षक खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मी काही पाहिलेलं नाही."

मी तिच्या शेजारच्या बाकावर बसलो. "बाळ, तुला दुर्बीण हवी आहे ना?"

"हो."

"मग शंभर लिही."

"पण बाबा, ते खोटं आहे."

"खोटं नाही. सातवीपुरतं खरं आहे. ठराव झालाय."

तिने माझ्याकडे पाहिले. "बाबा, तुम्ही स्वतः कधी मोजलंय?"

"मला मोजायची गरज पडली नाही. मला माहीत होतं."

तिने पाऱ्याकडे पुन्हा एकदा पाहिले. मग तिने खोडरबर घेतले. तिने नीट, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खोडले, कागद फाटू दिला नाही, आणि त्या जागी शंभर लिहिले. परीक्षकांनी दिवा विझवला आणि वीसपैकी वीस दिले.

ती आता निवासी शाळेत आहे. छान चालले आहे. पहिल्या सहामाहीत ती वर्गात पहिली आली. शिक्षकांनी कळवले की मुलगी अत्यंत समजूतदार आहे आणि उगाच प्रश्न विचारत नाही. सुट्टीत घरी आली तेव्हा बायकोला जरा कणकण होती. मी मुलीला म्हटले, आईचा ताप बघ बरं. तिने थर्मामीटर आईच्या काखेत लावला, मिनिटभराने काढला, आणि त्याच्याकडे न बघताच मला विचारले,

"किती हवाय, बाबा?"

बायको कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपली. मला त्यानंतर बरेच दिवस जेवण गेले नाही, तेही इथे मान्य करतो.

वाचकहो, तुम्ही एव्हाना मला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या असतील. घाला, माझी हरकत नाही. आमच्या गावात पाणी शहाण्णव अंशांवर उकळते, ही गोष्ट तुम्हाला आता पक्की ठाऊक झाली आहे. उद्या तुम्ही ती चारचौघांत ठणकावून सांगालही. ती तुम्हाला कोणी सांगितली? मी सांगितली, एका उपअधीक्षकाने, ज्याने आजवर पाण्यात थर्मामीटर बुडवलेला नाही. आमचे गाव कोणते, ते किती उंचावर आहे, एवढेही तुम्ही विचारले नाही. तुमच्या स्वतःच्या घरातले पाणी किती अंशांवर उकळते, हे तरी कधी बघितलेत का? आमच्या संचालनालयात सध्या दोन जागा रिकाम्या आहेत. अर्जासोबत परीक्षा द्यायची गरज नाही. ती तुम्ही आत्ताच उत्तीर्ण झालात.