भावाचा पिच्चर

किसनकाका माइकला नमस्कार करतात. हात जोडून नव्हे. उजवी मूठ डाव्या तळव्यात दाबायची, दोन्ही हात छातीपुढे आणायचे, कमरेत वाकायचं आणि मगच बटण दाबायचं. हाच नमस्कार ते चहाच्या कपाला करतात, रिक्षाच्या हँडलला करतात. एकदा बँकेच्या खिडकीत कॅशियरला केला, तर तो बिचारा खुर्चीसकट मागे सरकला. विचारलं की म्हणणार, "पह्यले वाकाचं, मंग भिडाचं. कुंगफूचा कायदाच हाये तो."

काका कुंगफू कधी शिकलेले नाहीत. मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधल्या आमच्या गावात ते शिकवणार कोण? ते भाजीवाले. सकाळी काकूंबरोबर बाजारात मेथी-वांगी, दुपारनंतर रिक्षावर भोंगा बांधून गावभर पुकारा. कुणाचा सेल, कुणाची सभा, कुणाची हरवलेली म्हैस. आमच्या मोर्चांचा पुकाराही तेच करतात, आणि आमचं भांडण तिथूनच सुरू झालं.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहिते. मुद्दे क्रमाने, मागण्या ठळक, भाषा स्वच्छ. बाजारात दिवसभर बसणाऱ्या बायकांसाठी एक धड स्वच्छतागृह नाही, याची चीड येऊन मी एक पान लिहिलं आणि काकांच्या हातात दिलं. चौकात पोचते तर भोंगा ओरडत होता, "ऐका हो ऐका! तुमची माय सकाळपासून बाजारात बसेल हाये. तिनं पान्याचा घोट नाई घेतला. काऊन नाई घेतला? घरी जा अन् इचारा तिले!"

मी रिक्षा अडवली. "काका, हे मी लिहिलेलं नाही. लिहिलंय तेवढंच वाचा."

"लिहेलं तं लोकं वाचतातच वं पोरी. बोलाचं काम वायलं असते."

त्या सभेला बायकांनी मैदान भरलं होतं. ही गोष्ट मी तेव्हा सोयीस्करपणे विसरले.

गावातल्या प्रत्येक माणसाची कुंगफूतली जात काकांनी ठरवून ठेवलेली आहे. ग्रामसेवक साप इस्टाइल, कारण तो फाइलखालून निघतो. हेडमास्तर सारस, एका पायावर उभा राहून दुसऱ्याचा विचार करत राहतो. "अन् मी?" मी एकदा विचारलं. काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू कोंबडी इस्टाइल. आंगावर लय जाते, पन उडता येत नाई."

या सगळ्या विद्येचा उगम एका पिच्चरमध्ये आहे. एकाच.

पूर्वी आमच्या गावात पत्र्याचा व्हिडिओ हॉल होता. आता तिथे गुरांच्या सरकी-ढेपेचं गोडाऊन आहे. त्या हॉलमध्ये एका कुंगफू पिच्चरची कॅसेट आली. भाषा परदेशी, खाली एक अक्षर लिहिलेलं नाही. काका पडद्याच्या बाजूला उभे राहून माइकवर तो वऱ्हाडीत सांगायचे. हॉल बंद पडला तरी पिच्चर बंद पडला नाही. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गोडाऊनमालक पोती बाजूला सारतो, खिडक्यांना बारदान लावतो, आणि सगळं गाव तोच पिच्चर पुन्हा पाहतं.

गाव त्याला 'भावाचा पिच्चर' म्हणतं. गोष्ट अशी: एका तरुण पहिलवानाचा धाकटा भाऊ हरवला आहे. लहान्या त्याचं नाव. पहिलवान काखेत एक लाकडी पाटी घेऊन गावोगाव हिंडतो. पाटीवर उभी चिनी अक्षरं आहेत. ते भावाचं नाव. दिसेल त्या उस्तादापुढे तो पाटी धरतो, वाकतो आणि विचारतो, "माहा भाऊ पाह्यला का?" कुणी सांगत नाही. मग मारामारी. शेवटी एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा मरता मरता त्याच्या कानात पत्ता सांगतो आणि पहिलवान एकटा, पाठमोरा, धुळीच्या रस्त्याने चालू लागतो. हे चालणं चांगलं दोन मिनिटं चालतं. त्या दोन मिनिटांत काका त्याला दरवर्षी नव्या वाटेने नेतात. नदी ओलांडली, फाटक लागलं, एका बाईनं त्याला पाणी दिलं, तिनं लहान्याला पाहिलंय म्हणे.

आमच्या गावात मारामारीच्या सीनला बाया पदर डोळ्याला लावतात. पहिलवानानं टेबल फोडलं की वच्छीबाई पुढच्या रांगेतून ओरडते, "आता तं सांगून दे रे मुडद्या, कुठी हाये त्याचा भाऊ!" वच्छीबाई काकूंच्या शेजारी कांदे विकते, आणि दुसरा पिच्चर तिनं आयुष्यात पाहिलेला नाही. शेताच्या धुऱ्यावरून भांडून वर्षभर न बोलणारे दोन भाऊ हा पिच्चर सुटल्यावर एका सायकलवर घरी गेले होते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आणि मला याचाच राग यायचा. अख्खं गाव वर्षानुवर्षं एका माणसाच्या मनाला येईल ते खरं धरून बसतं, याला मी अडाणीपणा म्हणत होते. लोकांना खरं कळलं पाहिजे, ही माझ्या प्रत्येक पत्रकातली शेवटची ओळ. मग पिच्चरला सूट कशाला?

मी इंटरनेटवर तो पिच्चर शोधला. इंग्रजी ओळींसकट मिळाला. दोन रात्री जागून बघितला आणि ताडकन उठले. त्यात भाऊ नव्हताच! गुरूचा खून होतो, चेला बदला घेतो, एकेका खुन्याला गाठून ठार करतो, बस. मी सगळ्या ओळींचं शुद्ध मराठी केलं, शहरातल्या मित्राकडून त्या पडद्यावर बसवून घेतल्या, चांगला प्रोजेक्टर आणला आणि काकांना म्हटलं, "या वर्षी तुम्ही आराम करा. पुढे बसा. पिच्चर स्वतःच बोलेल."

काका हरखले. "म्हंजे त्याईचं खरं बोलनं? मलेही समजन?" ते इस्तरीचा शर्ट घालून आले. पडद्याला वाकून नमस्कार केला आणि वच्छीबाईच्या शेजारी बसले.

दहा मिनिटांत कुजबुज सुरू झाली. ओळी भराभर पळत होत्या, म्हाताऱ्यांना वाचवेनात. मागची पोरं मात्र 'बदला' शब्द आला की शिट्ट्या मारत होती. वच्छीबाई उठली. "मुकं करून टाकलं वं पिच्चरले," म्हणाली आणि निघून गेली. तिच्यामागे आणखी बऱ्याच बाया. काका हलले नाहीत. बोट हवेत धरून एकेक ओळ वाचत होते.

पिच्चर सुटल्यावर ते माझ्याकडे आले. "पोरी, त्या पाटीवर काय लिहेल हाये म्हने?"

"गुरूचं नाव, काका. मेलेल्या माणसाचं नाव तसं लाकडावर कोरतात तिकडे."

"मेल्यावरच कोरतात?"

"हो तर."

"जित्या मान्साची नाई करत तशी पाटी?"

"नाही काका. मेल्यावरच." मी उत्साहाने सांगितलं. एक अज्ञान दूर होत होतं ना!

काकांनी रिकाम्या पडद्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "बरं झालं सांगतलं." आणि निघाले. प्रोजेक्टरला नमस्कार न करता.

त्यानंतर काका माझं ऐकायला लागले. पत्रक दिलं की जसंच्या तसं वाचायचे. "मागणी क्रमांक एक. मागणी क्रमांक दोन." स्वल्पविरामालासुद्धा थांबायचे. पुढच्या सभेला आम्ही कार्यकर्ते आणि दोन कुत्री होतो. नमस्कार बंद झाला. चहा नुसता उचलून प्यायचे. टपरीवर एक पोरगा मुद्दाम मूठ तळव्यात दाबून त्यांच्यापुढे वाकला, तर काका म्हणाले, "जाऊ दे ना बे."

शेवटी मी बाजारात काकूंकडे गेले. त्या कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. काकांना काय झालं, असं मी विचारलं.

"तुले ठाऊक नाई? हो, तवा तू जलमली नव्हती." त्यांनी वर पाहिलं नाही. "लहान्या माहा देर व्हय. ह्याईचा सख्खा लहाना भाऊ. मी लगन होऊन आली तवा कालेजात जात होता."

मी खाली बसले.

"पिच्चरचं लय याड त्याले. हे त्याले गाड्यावर बसवून गेले, तो गाडा सोडून हालात जाऊन बसला. इकडं म्हशीनं सगळी कोबी खाल्ली. ह्याईनं त्याले भर बाजारात मारलं. समद्याईच्या म्होरं. पोळा होता त्या दिशी. दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याहून गाडी धरली त्यानं, लोकाईनं पाह्यला. मंग पत्ता नाई."

"पोलिसात..."

"समदं केलं. मंग हे एक दिवस हालात गेले, तिथं दिसन म्हनून. तुहा तोच पिच्चर चालू होता. लोकं बोंबलून राह्यले होते, समजत नाई, पैसे वापस द्या. तिकडं पडद्यावर त्या मान्सानं पाटी दाखवली, अन् इकडं हे उभे राह्यले. म्हने, माहा भाऊ पाह्यला का कोनी?" काकूंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "खरंच इचारून राह्यले होते वं ते. लोकाईले वाटलं, पिच्चरचं सांगून राह्यले. टाळ्या वाजवल्या. हालवाला म्हने, रोज या."

मी सुतळीचा तुकडा त्यांच्यापुढे धरला.

"भाऊ कदी आला तं याच पिच्चरले येईन, असं त्याईचं म्हननं. न वाकता हात उचलला, तो एकच डाव, भावावर. तवापासून दिसन त्याले वाकत होते." मग त्यांनी जुडी बांधली. "आता तू म्हनते पाटी मेलेल्याची असते."

लोकांना खरं कळलं पाहिजे. मी घरी जाऊन पत्रकांचा गठ्ठा उघडला आणि ती ओळ वाचत बसले. मग काकांकडे गेले आणि माफी मागितली. त्यांनी मलाच चहा पाजला. "तुहं काय चुकलं? खरं तेच सांगतलं नं तू."

पोळा पुन्हा आला. मी म्हटलं, "काका, जुनीच कॅसेट लावू. मी आवाज बंद ठेवते, तुम्ही सांगा. तुमच्या मनाचं."

"तुहा तो पिच्चरचा कागद दे," ते म्हणाले. "लिहेलं तेवढंच वाचतो."

गोडाऊन गच्च भरलं होतं. काका चष्मा लावून पडद्याच्या बाजूला उभे राहिले आणि बाराखडी वाचावी तसे वाचू लागले. "गुरुजींच्या खुनाचा बदला मी घेणार आहे." पुढे पाटी आली. "ही माझ्या गुरुजींच्या नावाची पाटी आहे. तुम्ही त्यांना ठार मारले आहे." कुणी हसलं नाही, कुणी रडलं नाही. उठूनही कुणी गेलं नाही. सगळे काकांकडे बघत होते. लहान्याची हकीकत माझ्याखेरीज सगळ्यांना कधीपासून ठाऊक होती, हे मला त्या दुपारी कळलं.

पांढऱ्या दाढीचा म्हातारा मेला. पहिलवान पाठमोरा चालू लागला. तिथे संवाद नाही, म्हणून माझ्या कागदावरही काही नव्हतं. काकांनी शेवटचा कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी. पडद्यावर धूळ, आणि तो चालतोय.

वच्छीबाई जागेवरूनच म्हणाली, "काऊन रे किसना, भेटला का त्याचा भाऊ?"

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागितल्यासारखं. आयुष्यभर माइकवर बोललेला माणूस, आणि माझ्याकडे बघतोय! मी उठले आणि त्यांच्या हातातला कागद काढून घेतला.

त्यांनी रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग उजवी मूठ डाव्या तळव्यात दाबली, माइकपुढे कमरेत वाकले.

"अजून नाई भेटला, माय," काका म्हणाले. "पन पाह्य नं, चालून राह्यला."